पंखा घेण्याआधी

आमच्या घरची फियाट १९७८ची. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण नगरात तिला कुणी पद्मिनी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. ते गेले आणि गाडी माझ्याकडे आली. भावाला नको होती, त्याला पार्किंग नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर वेळ होता, सावेडीत अंगण होतं, म्हणून गाडी राहिली.

रंगपंचमीला मढीला गाढवांचा बाजार भरतो. एका वर्षी कानिफनाथांचं दर्शन घेऊन परत येताना करंजी घाटाच्या चढावर वाहनं तुंबली. पुढे गाढवं भरलेला टेम्पो, मागे एसटी. काटा तांबड्यात गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. कोंडी सुटल्यावर टेम्पोतली गाढवं माझ्याकडे बघत पुढे निघून गेली. त्या दिवशी बाजारात त्यांना भाव होता, माझ्या फियाटला नव्हता. एक पोरगा खिडकीशी येऊन म्हणाला, “मावशी, इलेक्ट्रिकचा पंखा टाका ना. मारुतीचा.” पुढच्या आठ दिवसांत शेजारी, मेव्हणे, दूधवाला, सगळ्यांनी हेच सांगितलं. पंखा टाक.

टाकला. त्यात दोन उन्हाळे, तीन पंखे आणि एक बॅटरी गेली. जुनी गाडी ठेवून नगरच्या उन्हात फिरणाऱ्यांसाठी त्या दोन उन्हाळ्यांचा हिशेब इथे मांडते.

१. गाडी कुठे तापते, ते आधी वहीत लिहा

मी लिहिलं नाही. मुलांना ‘आधी निरीक्षण, मग अनुमान’ शिकवण्यात तीस वर्षं घालवलेली बाई घाटातून आल्यावर आठ दिवसांतच पंखा आणायला निघाली.

आमच्या फियाटचा मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला, पट्ट्यावर फिरणारा. इंजिन पळेल तितका तो पळतो. सक्कर चौकात सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा इंजिन मंद चालतं, मग पंखाही पेंगतो. समोरून वारा नसल्यामुळे गरज मात्र तेव्हाच असते. उलट पुणे रोडला साठ-सत्तरच्या वेगात समोरचा वाराच भरपूर असतो. तेव्हा हा गरगर फिरून चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनातली थोडी ताकद खात बसतो. विजेच्या पंख्याला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नसतं. उभ्या गाडीतही तो पूर्ण जोरात फिरतो, वेगात असताना बंद ठेवता येतो. त्याचा उपयोग एवढाच, आणि तो मोठा आहे.

म्हणून बघायचं ते हे: गाडी कोंडीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर काटा खाली येतो का? तसं असेल तर दुखणं हवेचं, पंख्यानं बरं होईल. मोकळ्या रस्त्यावर, वारा लागत असतानाही तापते का? मग रेडिएटर, पाणी, थर्मोस्टॅट, टायमिंग, नाही तर हेड गॅस्केट. तिथे पंखा बसवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला नवी टोपी घालण्यासारखं.

माझ्या गाडीला दोन्ही दुखणी होती. पहिला पंखा बसवल्यावर माळीवाड्यात ती शांत राहायची, पण पुण्याला निघालं की सुप्याच्या पुढे काटा चढायचा. शेवटी रेडिएटरवाल्याकडे नेली. त्यानं गाडी गरम करून बंद केली, जरा थांबला आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. वरचा भाग गरम, खालच्या एका कोपऱ्याला चक्क गार. “मॅडम, इथं पाणीच फिरत नाही. पंखा काय करील?” त्यानं वरची टाकी झाळ काढून उघडली. चपट्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षारानं बुजलेली होती, अगदी आमच्या चहाच्या पातेल्यासारखी. एकेका नळीतून पातळ पट्टी घालून त्यानं ती साफ केली. याला रॉडिंग म्हणतात. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला ते करता येतं. आजच्या अॅल्युमिनियमच्या, प्लास्टिकच्या टाकीच्या रेडिएटरला ते सुख नाही.

रॉडिंग आधी केलं असतं तर पहिल्या पंख्याचे पैसे वाचले असते.

२. बोअरचं पाणी बाथरूमपुरतं ठेवा

नगरच्या बोअरचं पाणी किती जड असतं हे इथे नळाच्या तोटीकडे बघितलं की कळतं. वडील वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतत आले, मीही ओतलं. आता बॅटरीत घालायचं पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घालते. कूलंटनं उत्कलनबिंदू थोडा वर जातो, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते गंज आणि क्षार रोखणं.

झाकणाकडेही बघा. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. नगर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यात इथलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सात पौंडांचं झाकण धड असेल तर तेच पाणी ११० अंशांपर्यंत दम धरतं. झाकणाचं रबर कडक झालं की हे बारा अंश गेलेच. माझ्या झाकणाचं रबर चुरगळून पडत होतं. घाटात उकळायला तेवढंही पुरेसं होतं.

३. गाडीत वीज किती आहे, हे न विचारता पंखा घेऊ नका

सगळ्यात मोठी ठेच इथे लागली.

पहिला पंखा दुकानदारानं “एकदम पॉवरफुल” म्हणून दिला. बारा इंची. “साहेब नाही आले?” असं त्यानं आधी विचारलं. साहेबांना गाडीतलं काही कळत नाही हे सांगितल्यावर मग माझ्याशी बोलायला लागला. किती वॅटचा हे त्यानं सांगितलं नाही, आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईनंही विचारलं नाही.

जूनच्या पहिल्या पावसात नेवाशाहून परत येत होते. रात्र झालेली, दिवे लावलेले, वायपर चालू, आणि इमामपूर घाटाआधी ट्रकांची रांग, म्हणून पंखाही चालू. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा बराच वेळ मिणमिणत होता. मी मनात म्हटलं, जुनी गाडी आहे, मिणमिणायचंच. मग दिवे पिवळे पडले, वायपर काचेवर मध्येच थबकला, आणि जेऊरजवळ इंजिन बंद पडलं. स्टार्टर फिरवला तर नुसतं ‘टक’.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून नेली ती एका वायरिंगवाल्याकडे. तो माझा जुना विद्यार्थी निघाला. आठवीत मागच्या बाकावर बसायचा. “बाई, डायनॅमो किती अँपिअरचा आहे?” त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यानं माझ्याच देखत एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर बेरीज मांडली. जुन्या गाड्यांचा डायनॅमो फार तर वीस-बावीस अँपिअर देतो, तेही इंजिन चांगलं पळत असताना. मंद चालत असताना जवळजवळ काहीच नाही, म्हणून तर लाल दिवा लागतो. खर्चाची बाजू: इग्निशन चारेक अँपिअर, हॅलोजनचे दोन हेडलाइट नऊ, मागचे आणि मीटरचे दिवे दोन, वायपर तीन. अठरा झाले. त्यावर माझा पंखा. चिमट्याचा मीटर वायरभोवती लावून त्यानं मोजलं, अकरा. एकोणतीस. “येतंय बावीस, जातंय एकोणतीस. बाकीचं बॅटरी खिशातून घालत होती. तिचा खिसा संपला.”

वॅट भागिले व्होल्ट बरोबर अँपिअर, हे मी त्यालाच शिकवलं होतं. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, एवढा चांगला मुलगा.

रस्ते दोन होते. एक, डायनॅमो तसाच ठेवून लहान पंखा घ्यायचा, ऐंशी वॅटच्या आतला, म्हणजे साडेसहा-सात अँपिअरचा. आणि रात्री पावसात जपून वापरायचा. दुसरा, डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवायचा. आल्टरनेटर मंद इंजिनावरही चार्जिंग देतो आणि त्याची एकूण ताकदही डायनॅमोच्या दुप्पट किंवा अधिक असते. मी मूळ वस्तूंची हौस असलेली बाई, वडिलांच्या गाडीचा डायनॅमो काढायचा म्हणजे जिवावर आलं. पण कोंडीत पंखा हवा आणि कोंडीतच डायनॅमो उपाशी, हा पेच सुटणारा नव्हता. मारुतीचा आल्टरनेटर आला, त्यासाठी ब्रॅकेट बनवून घेतलं, जुना कटआउट निघाला. डायनॅमो माळ्यावर जुन्या साडीत गुंडाळून ठेवलाय.

डायनॅमोची गाडी असेल आणि तो बदलायचा नसेल, तर बारा इंची मोठ्या पंख्याच्या वाटेला जाऊ नका. हे माझं ठाम मत आहे. मेकॅनिक काय म्हणेल ते म्हणू दे.

४. खोक्यावरचा हवेचा आकडा सोडा, अँपिअर विचारा

नव्या पंख्याच्या खोक्यावर मिनिटाला इतके घनफूट हवा असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. पुढे रेडिएटरची दाट जाळी आली की हवा निम्म्यावर येऊ शकते, आणि सारख्या आकड्याचे दोन पंखे जाळीपुढे अगदी वेगळे वागतात. मोटर किती वीज घेते यावरून त्या पंख्याच्या दमाचा अंदाज जास्त चांगला येतो. चाळीस वॅटचा पंखा दुप्पट हवा फेकतो असं कुणी सांगितलं तर हसून पुढच्या दुकानात जा.

पात्यांची खोली बघा. पातळ, सपाट पाती मोकळ्यावर आवाज करतात आणि जाळीपुढे लटकी पडतात. जाडी आधी मोजून न्या. आमच्या गाडीत रेडिएटर आणि वॉटर पंपाच्या पुलीमधली जागा पट्टीनं मोजली तेव्हा कळलं की दुसरा पंखा, जो मी घेऊन बसले होते, बसणारच नव्हता. इंजिन रबराच्या माउंटिंगवर हलतं, त्यामुळे बोटभर मोकळी जागा राहायलाच हवी.

५. भंगारातला मारुतीचा पंखा

त्या घाटातल्या पोराचा सल्ला वाईट नव्हता. कारखान्यातून मारुती, सँट्रो, इंडिका अशा गाड्यांसोबत आलेले पंखे हे त्या रेडिएटरवर महिनोन् महिने चाचण्या होऊन आलेले असतात. दुकानातल्या बिननावाच्या नव्या पंख्यापेक्षा भंगार बाजारातला असा जुना पंखा मी केव्हाही घेईन. पुण्याला नाना पेठेत गेलं तर निवडायलाही मिळतो.

फक्त तिथेच बॅटरीला लावून बघा. पात्याला धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बुश गेलेत. फिरताना करकर आली तर ब्रश संपत आलेत. पाच मिनिटं चालू ठेवून मोटरला हात लावा. आणि लहान गाडीचाच घ्या. मोठ्या गाडीचा पंखा जबरदस्त ओढतो खरा, पण वीस-तीस अँपिअर मागतो. मग पुन्हा तिसऱ्या मुद्द्याकडे.

६. पेपरच्या पानाची परीक्षा

मेकॅनिकनं पहिला पंखा रेडिएटरच्या पुढे, ग्रिलच्या बाजूला लावला होता, कारण मागे जुना पंखा होता. पुढे लावलेला पंखा हवा मागे ढकलतो. दिसायला काही वाईट नाही, पण गाडी पळताना बंद पंख्याची मोटर आणि पाती समोरच्या वाऱ्याला अडवून उभी. पंखा मागे, इंजिनाच्या बाजूला, जाळीतून हवा ओढणारा हवा. त्यासाठी मूळ पंख्याची पाती काढावी लागली. पट्टा राहतो, वॉटर पंप आणि आल्टरनेटर त्यावरच चालतात.

तिसरा पंखा मागे बसला आणि नवीनच कोडं आलं. आता गाडी उभी असताना बरी राहायची, पण तीस-चाळीसच्या वेगात तापायची. पहिल्या मुद्द्यात मी लिहिलंय त्याच्या बरोबर उलट. आठ दिवस डोकं खाजवलं. रेडिएटर साफ, पाणी बरोबर, झाकण नवं. मग एका संध्याकाळी पंखा चालू करून ग्रिलपुढे ‘सार्वमत’चं पान धरलं. पान जाळीला चिकटायला हवं होतं. ते फडफडत माझ्या तोंडावर आलं.

मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. साध्या डीसी मोटरला धन-ऋण बदललं की ती उलटी फिरते. माझा पंखा इंजिनाची गरम हवा पुढे फेकत होता. उभ्या गाडीत तीही हवा जाळीतून जायची, म्हणून थोडं भागायचं. गाडी निघाली की समोरचा वारा आणि पंखा यांची जाळीतच कुस्ती. वायरी बदलल्या, पाच मिनिटांचं काम.

तेव्हापासून कुणाच्याही गाडीला पंखा बसवला की मी पेपरचं पान मागते. पान मधे चिकटलं आणि कोपऱ्याला लोंबलं तर पुढचा मुद्दा वाचा.

७. पेटी

पंख्याभोवतीचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कव्हर, ज्याला आमचा मिस्त्री पेटी म्हणतो, ते नसेल तर पंखा आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो. जाळी चौकोनी, पंखा गोल. चारी कोपरे फुकट. शिवाय कडेनं हवा परत पुढे फिरते ती वेगळीच. आम्ही पातळ पत्र्याची पेटी वाकवून घेतली आणि पंखा जाळीपासून दीड-दोन इंच मागे बसवला. पान कोपऱ्यालाही चिकटलं. दहा इंची पंखा पेटीसकट बारा इंची उघड्या पंख्याला भारी पडतो, निदान माझ्या गाडीत पडला, आणि वीज कमी खातो.

पूर्ण बंद पेटीचा एक तोटा आहे. वेगात समोरचा वारा पंख्याच्या भोकातूनच जावा लागतो. म्हणून कोपऱ्यात दोन भोकं पाडून त्यांवर जुन्या ट्यूबच्या रबराच्या झडपा लावल्या. पंखा चालला की त्या मिटतात, वारा आला की उघडतात. ही कल्पना माझी नाही, कंपन्या हे करतात.

८. जाळीतून काड्या ओवू नका

नव्या पंख्यासोबत प्लास्टिकच्या लांब काड्या येतात, जाळीतून आरपार ओवून पंखा टांगायला. पाच मिनिटांत बसतो. नगर-शेवगाव रस्त्याचे हादरे सहा महिने खाल्ल्यावर त्या काड्या नळीला घासून भोक पाडतात. रेडिएटरच्या कडेच्या पट्टीवर ब्रॅकेट करून घ्या.

९. रिले, फ्यूज आणि विसरभोळी मालकीण

पहिल्या मेकॅनिकनं पंखा थेट डॅशबोर्डखालच्या एका बटणाला जोडला होता. पंख्याची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज घेते. बटण गरम व्हायचं, एकदा वासही आला. माझ्या विद्यार्थ्यानं ते सगळं उपटून काढलं. आता बॅटरीपासून फ्यूज, तिथून रिले, रिलेपासून पंखा, अशी चार एमएमची जाड वायर. बटणातून फक्त रिलेला जाग आणणारी चिमूटभर वीज जाते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण वायर बॉडीला घासून पेटली तर ती फ्यूजच्या अलीकडे पेटू नये. अर्थिंग चांगल्या घासलेल्या पत्र्यावर. रंगावर नाही.

बटणावर मात्र माझा विश्वास नाही, म्हणजे स्वतःवर. दोनदा पंखा लावायचा विसरले, एकदा बंद करायचा विसरून देवळात गेले. म्हणून थर्मो स्विच बसवला, ९२ अंशांना चालू आणि ८७ला बंद होणारा. वरच्या होजमध्ये पितळेची नळी घालून तिच्यात तो बसवला. बटण ठेवलंय, पण ते फक्त जबरदस्तीनं चालू करायला, घाट चढायच्या आधी. की काढली की सगळं बंद.

स्विचचा आकडा थर्मोस्टॅटच्या वर हवा. थर्मोस्टॅट ८२ला उघडत असेल आणि पंखा ८०ला चालू होणारा घेतला, तर तो सकाळपासून रात्रीपर्यंत फिरेल आणि मोटर जळेल. आणि कुणी मेकॅनिक “थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील” म्हणाला तर काढू देऊ नका. नगरची डिसेंबरातली सकाळ बोचरी असते, इंजिन गरम व्हायला मग फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन झिजतं. अडकलेला असेल तर बदला.

१०. गरम हवेला बाहेर जायला वाट

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी शाळेच्या सहली घेऊन किती वेळा गेले असेन. १९९४ साली सुरू झालेलं, सेंच्युरियन, विजयंता, पकडून आणलेला पॅटन, सगळं आहे. मुलं तोफेची नळी बघायची. पंख्याच्या भानगडीनंतर मी एकदा एकटी गेले आणि नळीकडे पाठ करून रणगाड्यांच्या मागच्या बाजूच्या जाळ्या बघत बसले. एवढं जाड चिलखत, पण इंजिनावर हवा यायला आणि जायला जागा सोडलेली आहेच. ज्या पोलादावर गोळे अडतात त्यातही.

घरी येऊन बॉनेट उघडलं. रेडिएटर आणि समोरच्या पत्र्यामध्ये वरून दोन बोटांची फट होती. उभ्या गाडीत इंजिनाकडची तापलेली हवा तिथून वळसा घालून पुन्हा पुढे येत होती आणि पंखा तीच ओढत होता. फटीत फोमची पट्टी चिकटवली. ग्रिलपुढचे हौसेनं लावलेले जादा दिवे काढले. इंजिनाखाली कुणीतरी चिखल उडू नये म्हणून लावलेला पत्राही काढला, गरम हवा खाली जाते ती त्यानं कोंडली होती.

जाळीत अडकणारा कचरा वेगळाच. राहुरी, कोल्हारच्या बाजूला ऊसगाड्यांमागून गेलं की पाचट उडून ग्रिलमधून आत जातं. माझ्या जाळीत पाचटाबरोबर झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या, किती दसऱ्यांच्या कोण जाणे. हार आता बॉनेटवर घालते, ग्रिलवर नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे मारा, पुढून मारलं तर कचरा आणखी आत बसतो. धार मंद ठेवा, जाळीचे पंख वाकतात.

११. बंद पडली म्हणजे तापलीच असं नाही

मे महिन्यात दुपारी उभी करून ठेवलेली फियाट चालू होत नाही, तेव्हा पंख्याला दोष देऊ नका. बहुधा पेट्रोलची वाफ झालेली असते आणि पंप ती ओढू शकत नाही. पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघणं हा जुना उपाय अजून चालतो. नव्या पंख्यानं बॉनेटखालची उष्णता थोडी कमी झाली, हा प्रकारही कमी झाला, गेला नाही.

१२. एसी

मुलगा म्हणाला, आता आल्टरनेटर आहे तर एसी बसवू. त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे येणार, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली, वर कॉम्प्रेसर १०८९ सीसीच्या इंजिनाच्या मानेवर. दुसरा पंखा लागणार, मोठा रेडिएटर लागणार. मी काचा खाली करते.

१३. जुना पंखा डिकीत

विजेची मोटर कधी तरी जाणार. मूळ पंख्याची पाती, त्याचे बोल्ट आणि पान्हे कापडात बांधून मी डिकीत ठेवते. करंजीच्या अलीकडे मोटर गेली तरी अर्ध्या तासात मूळ पाती पुन्हा पुलीवर चढवून घरी येता येतं. पेटी काढावी लागते, तेवढंच. एक जादा रिले आणि दोन फ्यूजही आहेत. हे सगळं मिळून एका जेवणाच्या डब्याएवढं सामान होतं.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३अखेर गेल्या. तेव्हा बऱ्याच जणांनी मला विचारलं, तुझी अजून चालते? चालते. गेल्या रंगपंचमीला पुन्हा मढीला नेली होती. परतताना करंजी घाटात तशीच रांग, तसंच ऊन. पंखा तीनदा लागला, तीनदा बंद झाला. काटा मध्यावर.

आता एकच विनंती. गाडी कुठेही उकळली तरी गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. फडकं धरूनही नाही. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, सावलीत बसा, निदान अर्धा तास. पहिल्या वर्षी मी दहा मिनिटांत उघडलं होतं. उजव्या मनगटावरचा डाग अजून आहे.